दवाखान्यातून घरी येणारे जुलाब : फऱ्याच्या भाऊबंदाला ओळखा

मृगाचा पाऊस लागण्याआधी आपण गुरांना फऱ्याची लस टोचून घेतो, शेळ्यांना आंत्रविषाराची लस देतो. हे रोग कसे असतात ते गोठ्यातल्या जाणत्या माणसाला सांगायला नको. फऱ्याचे जंतू मातीत बीजाणूच्या रूपाने वर्षानुवर्षे पडून राहतात. ऊन, पाऊस, थंडी त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. जनावराच्या अंगात सोयीची जागा मिळाली की ते जागे होतात, विष सोडतात आणि काल धडधाकट दिसणारा खोंड आज आडवा होतो. म्हणून तर फऱ्याने मेलेलं जनावर फाडू नका, खोल पुरा, असे पशुसंवर्धन खाते सांगत असते.

याच जंतूंचा एक भाऊबंद माणसाच्या आतड्यात शिरतो. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याला थोडे वेगळे नाव दिले, पण डॉक्टर मंडळी त्याला सोप्या भाषेत ‘सी-डिफ’ म्हणतात. आपणही तेच म्हणू. हा जंतू मुख्यतः दवाखान्यात गाठतो आणि बऱ्याचदा रुग्णाच्या सोबतीने घरी येतो. शेतीखात्याच्या माणसाने जुलाबावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. पण या रोगाचे मूळ ज्या औषधांच्या बेफाम वापरात आहे, ती औषधे घरात, गोठ्यात आणि भाताच्या शेतात अशी तिन्हीकडे वापरली जातात. त्यामुळे हा विषय एकट्या डॉक्टरांचा राहिलेला नाही.

महाड-पोलादपूरच्या माणसाचा मोठ्या आजाराचा रस्ता ठरलेला आहे. आधी पोलादपूरचे किंवा महाडचे ग्रामीण रुग्णालय, तिथून माणगाव, नाही तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय. तेही नाही जमले तर मुंबईत भाऊ, मुलगा किंवा पुतण्या आहेच. मग केईएम, जेजे, सायन. ऑपरेशन होते, पंधरा दिवसांनी म्हातारी घरी येते. आठवड्याभरात तिला जुलाब सुरू होतात. घरचे म्हणतात, पाणी बदललं, पथ्य मोडलं, मुंबईचं बाधलं. बाजारातून जुलाब बंद करायची गोळी येते, सोबत आणखी एक अँटिबायोटिक येते. इथेच चूक होते. असे जुलाब साधे नसण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी या दोन्ही गोळ्या दुखणे वाढवू शकतात. आजच्या लेखातून एवढी एक गोष्ट घराघरांत पोचली तरी पुष्कळ झाले.

तणनाशक मारलेले शेत

आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात आणि त्यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात. अन्न पचवायला मदत करतात, आणि सगळी जागा व्यापून असल्यामुळे वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. दाट पेरलेल्या शेतात तणाला जागा मिळत नाही, तसेच हे आहे.

आता समजा त्या शेतात सरसकट सगळे मारणारे औषध फवारले. हिरवे सगळे जळाले. पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली तशाच राहतात, आणि रान मोकळे झाल्यावर पहिल्याच पावसात सगळीकडे लव्हाळाच दिसतो. प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, आतड्यात हेच करतात. रोगजंतूंबरोबर भले जंतूही मरतात. सी-डिफचे बीजाणू मात्र लव्हाळ्याच्या गाठीसारखे टिकून राहतात. रान मोकळे मिळाले की ते उगवतात, दोन प्रकारचे विष सोडतात, आतड्याचे अस्तर सुजते आणि जुलाब सुरू होतात.

हा जंतू पहिल्यांदा सापडला १९३५ साली, तान्ह्या मुलांच्या शीत. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड गेला म्हणून त्याचे नाव ‘डिफिसिल’, म्हणजे अवघड, असे पडले. तान्ह्या मुलांच्या पोटात तो असला तरी सहसा त्रास देत नाही. मोठ्या माणसांत अँटिबायोटिक घेतल्यावर होणारा आतड्याचा दाह याच जंतूने होतो, हे १९७८ साली स्पष्ट झाले. तोवर रोगी दगावत होते आणि कारण कळत नव्हते.

कोणतेही अँटिबायोटिक याला कारण होऊ शकते. पण क्लिंडामायसिन, सेफिक्झिम-सेफ्ट्रियाक्सोन या घराण्यातली औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही मंडळी यात पुढे आहेत. यातली काही नावे तुम्हाला पाठ असतील, कारण ती आपल्या घरच्या फडताळात असतात. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांतही हा रोग जास्त आढळतो. पासष्टीच्या पुढचे लोक, जास्त दिवस रुग्णालयात राहिलेले, कर्करोगाची औषधे चालू असलेले, मूत्रपिंड अधू असलेले, यांना धोका अधिक. औषध चालू असतानाच जुलाब लागतात असेही नाही. औषध संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंत कधीही ते लागू शकतात, आणि म्हणूनच औषधाचा आणि जुलाबाचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

हा रोग आपल्याकडे आहे का?

आहे. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याकडच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत तर या जंतूवर कित्येक वर्षे काम झाले आहे. म्हणजे हा फक्त गोऱ्यांच्या देशातला रोग आहे, असे समजायचे कारण नाही.

मग तो तालुक्याच्या कागदावर का दिसत नाही? त्याचे निदान शीची खास तपासणी करून होते. जंतूचे विष शीत आहे का ते पाहावे लागते. ही सोय मोठ्या रुग्णालयात आणि मोठ्या प्रयोगशाळेत असते. तालुक्याच्या ठिकाणी जुलाबाचा रोगी आला की ‘जुलाब’ एवढीच नोंद होते. जुलाब कॉलऱ्याचे, दूषित पाण्याचे की अँटिबायोटिकचे, हे वेगळे होत नाही. ज्याची मोजणीच नाही तो रोग कागदावर नसतो, आणि जो कागदावर नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. पीक पाहणीत नोंद नसलेल्या पिकाची नुकसानभरपाई मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तसेच हे.

जिथे मोजणी झाली तिथले आकडे पाहा. अमेरिकेत २०१७ या एका वर्षात रुग्णालयांतील सुमारे २ लाख २४ हजार रुग्णांना हा रोग झाल्याचा आणि त्यात सुमारे १२,८०० माणसे दगावल्याचा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे. एवढी साधने हाताशी असलेल्या देशाची ही गत आहे.

इंग्लंडने काय केले?

इंग्लंडमधल्या मेडस्टोन भागातील सरकारी रुग्णालयांत २००४ ते २००६ या काळात सी-डिफची साथ आली. २००७ साली चौकशीचा अहवाल बाहेर आला. सुमारे ९० माणसे या रोगाने निश्चित किंवा बहुधा दगावली, असे त्यात म्हटले होते. कारणे वाचली तर आपल्याकडचेच वर्णन वाटावे. खाटा एकमेकींना खेटून, संडास आणि शौचपात्रे अस्वच्छ, परिचारिका कमी, आणि अँटिबायोटिकचा सैल हाताने वापर.

त्यानंतर तिथल्या सरकारने कंबर कसली. रोगी मोजणे २००४ पासून सक्तीचे होतेच, ते २००७ मध्ये आणखी वाढवले. काही अँटिबायोटिकांवर रुग्णालयात निर्बंध आणले. हात धुणे आणि वॉर्ड साफ ठेवणे यावर देखरेख बसवली. २००७-०८ मध्ये तिथे ५५ हजारांवर रोगी नोंदले गेले होते. २०१३-१४ मध्ये तो आकडा १४ हजारांच्या आत आला. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की या उतारात सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातील औषधांचा वापर कमी केल्याचा मोठा वाटा होता. अलीकडच्या वर्षांत मात्र तिथे आकडा पुन्हा चढू लागला आहे. म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नाही. बांध दरवर्षी घालावाच लागतो.

यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्या. मोजणी, औषधाला आवर, साबण-पाणी आणि सफाई. यातले बरेचसे आपल्या तालुक्यातही होऊ शकते.

कधी शंका घ्यायची?

पहिली गोष्ट म्हणजे घाबरून जायचे नाही. पावसाळ्यात गावात जुलाब लागले तर बहुतेक वेळा ते दूषित पाण्याचे किंवा विषाणूचे असतात, सी-डिफचे नसतात. पण पुढील गोष्टी जुळून आल्या तर शंका घ्यावी. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतले आहे किंवा रुग्णालयात राहून आलेले आहे. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ शी होते आहे. पोटात कळ येते, ताप आहे. वय झालेले आहे. अशा वेळी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, “साहेब, महिन्यापूर्वी ऑपरेशन झालंय, ही औषधं दिली होती.” डॉक्टरांना मनातले ओळखता येत नाही. ते आपणच सांगायला हवे.

यासाठी डिस्चार्ज कार्ड सातबाऱ्यासारखे जपून ठेवा. कोणते अँटिबायोटिक, किती दिवस, हे त्यावर असते. अनेक घरांत हे कार्ड एक तर मुंबईत राहते, नाही तर पावसात भिजून लगदा होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवावे. कुटुंबात शिकलेला मुलगा असेल तर त्याने मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

पोट फुगून टणक झाले, लघवी कमी झाली, चक्कर येते, शीत रक्त पडते, रोगी गुंगीत आहे, किंवा जुलाब एकाएकी थांबले पण पोट फुगत चालले आहे, यातले काहीही दिसले तर गावात वेळ घालवू नये. जुलाब थांबले म्हणजे बरे वाटले, असा समज करून घेऊ नये. आतडे निकामी होऊ लागल्याची ती खूण असू शकते. १०८ नंबरची गाडी बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.

उपचार काय?

उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा, पण तो काय असतो हे आपल्याला ठाऊक असावे. चालू असलेले अँटिबायोटिक टाळता येण्यासारखे असेल तर डॉक्टर ते बंद करतात. कधी कधी एवढ्यानेच फरक पडतो. पण हा निर्णय आपल्या मनाने घ्यायचा नाही. क्षयाची किंवा जखमेची औषधे मधेच सोडली तर वेगळाच अनर्थ होतो.

सी-डिफवरचे मुख्य औषध व्हॅन्कोमायसिन. ते तोंडावाटे द्यावे लागते, कारण शिरेतून दिलेले हे औषध आतड्यातल्या जंतूपर्यंत नीट पोचत नाही. साधारण दहा दिवसांचा क्रम असतो. फिडॅक्सोमायसिन नावाचे दुसरे औषध आहे. ही दोन्ही मिळण्यासारखी नसतील तर सौम्य रोगात मेट्रोनिडाझोल देतात. गंमत पाहा, अँटिबायोटिकने झालेल्या रोगावर औषधही अँटिबायोटिकच. फरक एवढाच की ते नेमके आणि निदान करून दिलेले असते. दुकानदाराच्या अंदाजाने दिलेली गोळी आणि हे औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा रोग उलटतो, हेही ध्यानात ठेवावे. बरे झालेल्या पाच रोग्यांपैकी साधारण एकाला तो पुन्हा होतो, बहुधा काही आठवड्यांतच. वारंवार उलटणाऱ्या रोग्यांसाठी एक वेगळीच तऱ्हा निघाली आहे. निरोगी माणसाच्या शीतले भले जंतू तपासून, प्रक्रिया करून रोग्याच्या आतड्यात सोडतात. ऐकायला किळस वाटेल, पण २०१३ साली नेदरलँडच्या डॉक्टरांनी हे व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगले चालते असे दाखवून दिले. नांगरट होऊन उजाड पडलेल्या जमिनीत शेणखत टाकून ती पुन्हा जिवंत करतो, त्यातलाच हा प्रकार. अर्थात हे मोठ्या रुग्णालयातले काम आहे. घरगुती प्रयोग अजिबात करू नयेत. या रोगावर लस अजून नाही.

घरी करायचे काम म्हणजे अंगातले पाणी टिकवणे. ओआरएसची पुडी, म्हणजे जलसंजीवनी, आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळते. एक लिटरची पुडी एक लिटरच पाण्यात विरघळवायची. कमी पाण्यात केली तर अपाय होतो, जास्त पाण्यात केली तर उपयोग कमी. पाणी उकळून गार केलेले घ्यावे. मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक पोटाला झेपेल तसे द्यावे. दुकानात कागदी डब्यात मिळणारी गोड पेये आणि ओआरएस एक नव्हेत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापले आहे का ते पाहूनच घ्यावी. ज्या रोग्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याला किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

जुलाब एकदम बंद करणारी लोपेरामाइडसारखी गोळी अशा रोग्याला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. आतड्यात विष तयार होत असताना दार बंद करून घेण्यासारखे ते आहे. तसेच जुलाब म्हटले की ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आणायची, ही सवय मोडली पाहिजे. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या साध्या जुलाबावर ओआरएस आणि चौदा दिवस झिंक हाच पाया आहे. बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरजच नसते.

सॅनिटायझर चालत नाही, साबण चालतो

कोविडमध्ये आपण सगळे हाताला सॅनिटायझर लावायला शिकलो. पण सी-डिफचे बीजाणू स्पिरिटच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुतले तरच ते हातावरून निघून जातात. फिनाइलनेही हे बीजाणू मरत नाहीत. खाटेच्या कठड्यावर, दाराच्या कडीवर, शौचपात्रावर ते महिनोन्‌महिने टिकतात.

आपल्याकडे रुग्णालयात निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. सोबतीला राहिलेली सून किंवा मुलगा रोग्याचे शौचपात्र उचलतो, त्याच हाताने पाण्याचा तांब्या भरतो, पेज भरवतो आणि मग शेजारच्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाला उठवून बसवतो. माया म्हणून केलेले असते सगळे, पण बीजाणू असाच खाटेवरून खाटेवर जातो. म्हणून सोबतीला जाणाऱ्याने पिशवीत साबणाची वडी न्यावी. शौचाचे काम झाल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. भेटीला गेलेल्यांनी रोग्याच्या खाटेवर बसू नये, त्याच्या डब्यातले खाऊ नये. डॉक्टर-नर्सनी हात धुतले का, असे नम्रपणे विचारले तर त्यात अपमान कसला?

घरी आलेल्या रोग्याला असे जुलाब असतील तर शक्यतो वेगळा संडास द्यावा. एकच असेल तर रोग्याच्या वापरानंतर तो आधी साबणाने घासून मग टीसीएलच्या पाण्याने धुवावा. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल एक लिटर पाण्याला सुमारे १५ ग्रॅम टाकावी. किराणा दुकानात एकदा वजन करून चमच्याचा अंदाज घ्यावा. गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी वापरावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवून मग धुवावे. हातात मोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. टीसीएलमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. हे पाणी रोजच्या रोज ताजे करावे आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नये. विहिरीत टाकायचे प्रमाण वेगळे असते, याची त्याच्याशी गल्लत करू नये. रोग्याचे मळके कपडे वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावेत. जुलाब थांबून दोन दिवस होईपर्यंत रोग्याने घरचा स्वयंपाक करू नये.

गोठा आणि भातशेत

आता आपल्या धंद्याकडे वळू. अँटिबायोटिक जितके जास्त वापरावे तितके जंतू त्याला सरावतात. कीटकनाशकाला तुडतुडे सरावतात, तसेच. मग माणसासाठी आणखी जहाल, आणखी सरसकट मारणारी औषधे वापरावी लागतात, आणि आतड्यातले रान आणखी उजाड होते. गोठा, शेत आणि रुग्णालय यांची साखळी ती ही.

कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या हातातले शेवटच्या आशेचे औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याचा वापर बंद केला. भातावरच्या कडा करप्यासाठी आपण जी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी वापरत आलो, तीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन अशी दोन अँटिबायोटिके असतात. स्ट्रेप्टोमायसिन हे तर क्षयावरचे औषध. शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवण्याचा प्रस्ताव होता. तरी बुरशीच्या करप्यावरही ही पुडी मारणारे शेतकरी भेटतात. बुरशीवर तिचा काडीचा उपयोग नाही, पैसे मात्र जातात.

कडा करपा टाळायचा असेल तर नत्र एकदम देऊ नये, हप्त्याने द्यावे. रोगट खाचरातले पाणी निरोगी खाचरात सोडू नये. निरोगी बियाणे वापरावे, बांधावरचे तण काढावे. ही कामे पुडीपेक्षा स्वस्त आहेत. गाईला काससुजीची ट्यूब भरली असेल तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, घरीही वापरू नये. जनावराला अँटिबायोटिक पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय टोचू नये.

गरजेचे औषध सोडू नका

हे सगळे वाचून कुणी अँटिबायोटिकलाच वाळीत टाकू नये. भातलावणीच्या चिखलात उभे राहणाऱ्याला लेप्टोचा धोका असतो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर सावित्री, गांधारी, काळ या नद्यांच्या काठी चिखल उपसताना ती भीती आपण सर्वांनी घेतली होती. लेप्टोत डॉक्टरांनी दिलेली डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन जीव वाचवते, आणि ती वेळेवर व पूर्ण घ्यायलाच हवी. आपला विरोध औषधाला नाही, सर्दी-पडशाला, अंगदुखीला आणि साध्या तापाला आपण होऊन मागून घेतलेल्या औषधाला आहे. “डॉक्टर, सुई मारा, भारी गोळी द्या” हा आग्रह आपला असतो. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे साधे चिन्ह २०१६ पासून सरकारने लोकांना शिकवायला घेतले आहे. महत्त्वाच्या कित्येक अँटिबायोटिकांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवण्याचे बंधन औषध दुकानदारावर मार्च २०१४ पासून आहे. नियम आहेत, ते पाळले जातात का हे बघणारे डोळे कमी आहेत.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो २०२५ ते २०२९ या काळासाठी आहे. दिल्लीचा आराखडा गावात आपोआप उतरत नाही, तो उतरवावा लागतो. त्यासाठी करण्यासारखी कामे अशी :

१. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हात धुण्याच्या जागी पाणी आणि साबण बारा महिने असावा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगराकडच्या वाड्यांना टँकर लागतो. टंचाई आराखडा करताना आरोग्य केंद्राची टाकी पहिल्या रांगेत धरावी. साबण आहे पण पाणी नाही, तर वरची सगळी चर्चा फुकट.

२. आरोग्य केंद्रातले संडास चालू आणि स्वच्छ आहेत का, हे गावच्या आरोग्य समितीने महिन्यातून एकदा जाऊन पाहावे. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे, तिच्यातल्या गुणांची यादी मागून घ्यावी. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा.

३. टीसीएलचा साठा कोरडा, बंद आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. क्लोरीन किती टक्के आहे ते तपासून घ्यावे.

४. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाची खबर आशाताईंना द्यावी. त्यांनी पहिल्या महिन्यात भेट देताना “जुलाब आहेत का, अँटिबायोटिक कोणते चालू होते” हे दोन प्रश्न विचारावेत आणि वहीत लिहावेत. मोजणीची सुरुवात इथूनच होईल. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अशा नोंदी मिळाल्या, तर तपासणीसाठी नमुने मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था मागता येईल.

५. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गुरांच्या लसीकरणाची तारीख जाहीर होते. त्याच सभेत या विषयालाही दहा मिनिटे द्यावीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पशुवैद्यकांना एकाच वेळी बोलवावे. फऱ्याची गोष्ट आपल्या लोकांना कळते. तिच्या आधाराने ही दुसरी गोष्टही कळेल.

फऱ्याची लस आली तेव्हा गावोगाव तिला नाके मुरडणारे लोक होते. खोंड वाचताना दिसले तेव्हा ते आपणहून दावे धरून रांगेत उभे राहू लागले. इथे लस नाही, म्हणून जबाबदारी जास्त आहे. रुग्णालयातून आलेल्या माणसाच्या जुलाबाकडे बघा, जुनी औषधे डॉक्टरांना दाखवा, हात साबणाने धुवा आणि गरज नसताना अँटिबायोटिक मागू नका. यात खर्च म्हणाल तर साबणाच्या एका वडीचा आहे.